डायलिसिसचं पाणी आणि रक्तातली सूक्ष्म मूलद्रव्ये : उत्सर्जनाच्या पाठाला जोडून शिकवता येईल असा एक विषय



उत्सर्जन संस्थेचा पाठ शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास सांगतो : "मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी." मग पुढे डायलिसिस आलं की सांगतो, "मूत्रपिंड निकामी झालं की हे काम यंत्र करतं." मुलं लिहून घेतात, परीक्षेत दोन गुण मिळतात, आणि पाठ संपतो.

पण आज अनेक शाळांत असं एखादं मूल असतं ज्याच्या घरात आई, वडील, आजोबा किंवा काका डायलिसिसवर आहेत. त्या घरासाठी हा पाठ दोन गुणांचा नसतो. म्हणून या लेखात थोडं पुढे जाऊ या. वर्षानुवर्षं डायलिसिस चालू असलेल्या माणसाच्या रक्तात जस्त, सेलेनिअम, ॲल्युमिनिअम, शिसं अशा मूलद्रव्यांचं काय होतं, ते पाहू. त्यातून एक गोष्ट मुलांना नीट कळेल : मूत्रपिंड निवड करतं, यंत्रातला पडदा निवड करत नाही. बाकीचा सगळा लेख या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

१. सूक्ष्म मूलद्रव्ये म्हणजे काय?

आपल्या शरीराचा बहुतेक भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, कॅल्शिअम आणि फॉस्फरस यांचा बनलेला आहे. याशिवाय काही मूलद्रव्ये अगदी चिमूटभर लागतात, पण त्यांच्याशिवाय चालत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह साधारण ३ ते ४ ग्रॅम असतं, जस्त २ ते ३ ग्रॅम, तांबं ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं, आणि सेलेनिअम तर काही मिलिग्रॅमच. जस्त अनेक विकरांना लागतं. जखम भरणं, चव लागणं, रोगप्रतिकार या सगळ्यांत त्याचा वाटा आहे. पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकरात सेलेनिअम असतं.

दुसरा गट आहे शरीराला काहीच उपयोग नसलेल्यांचा : शिसं, कॅडमिअम, ॲल्युमिनिअम. हे अन्नातून, पाण्यातून, हवेतून थोडे थोडे आत येतच असतात. निरोगी माणसात आतडं यातलं बरंचसं आत घेत नाही, आणि आत आलेल्या ॲल्युमिनिअमपैकी पुष्कळसं मूत्रपिंड बाहेर काढतं.

२. "गाळणी" हा शब्द अपुरा का आहे?

मुलांना हा आकडा जरूर सांगा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. मग उरलेलं कुठे गेलं? परत रक्तात! गाळलेल्या द्रवापैकी ९९ टक्के भाग मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका परत शोषून घेतात. हे परत घेणं आंधळं नसतं. ग्लुकोज जवळपास सगळं परत, सोडिअम गरजेप्रमाणे, युरिआ साधारण निम्माच. म्हणजे मूत्रपिंड आधी सगळं बाहेर काढतं आणि मग हवं ते वेचून परत ठेवतं. दिवाळीच्या साफसफाईत आपण कपाट पूर्ण रिकामं करतो आणि कामाचं तेवढं परत लावतो, अगदी तसं.

आता डायलिसिस पाहा. डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी सॉसेजसाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिलं व्यवहार्य यंत्र चालवलं. पण एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा यंत्रावर घेणं शक्य झालं ते १९६० साली, अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची जोडनळी वापरली तेव्हा. तिथून "दीर्घकाळचं डायलिसिस" सुरू झालं.

आजच्या यंत्रात पडद्याच्या केसासारख्या बारीक हजारो पोकळ तंतूंमधून रक्त वाहतं, आणि तंतूंच्या बाहेरून डायलिसिसचा द्रव वाहतो. मधल्या पडद्याला बारीक छिद्रं आहेत. लहान रेणू आणि आयन त्यातून जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं जाऊ शकत नाहीत. रक्तात युरिआ जास्त आणि द्रवात शून्य, म्हणून युरिआ बाहेर जातो. हे विसरण. मुलांना हे आधीपासून माहीत असतं.

पण मुलांना पुढचा प्रश्न विचारा : "द्रवात एखादा पदार्थ जास्त असेल आणि रक्तात कमी, तर काय होईल?" हुशार मूल लगेच सांगेल, तो पदार्थ रक्तात येईल. बरोबर! पडद्याला चांगलं-वाईट कळत नाही. तो फक्त आकार आणि संहती ओळखतो. आणि नलिकांसारखं वेचून परत घेणं तर त्याला जमतच नाही.

३. एक साधं गणित

डायलिसिसच्या द्रवाचा प्रवाह सामान्यतः मिनिटाला ५०० मिलिलिटर असतो. एक डायलिसिस ४ तासांचं.

५०० × २४० मिनिटे = १,२०,००० मिलिलिटर = १२० लिटर.

आठवड्यातून तीनदा म्हणजे ३६० लिटर. आपण रोज २ लिटर पाणी पितो असं धरलं तर आठवड्याचे होतात १४ लिटर. म्हणजे रुग्णाच्या रक्ताचा संबंध आपल्यापेक्षा पंचवीस पट पाण्याशी येतो, आणि तोही आतड्याचा पहारा मध्ये नसताना. आतड्यातून एक टक्क्याहूनही कमी ॲल्युमिनिअम रक्तात शिरतं. डायलिसिसच्या पडद्याकडे असा पहारा नाही. आणि चुकून आत आलेलं बाहेर काढणारं मूत्रपिंड आधीच बंद पडलेलं आहे.

म्हणूनच पिण्याचं पाणी आणि डायलिसिसचं पाणी यांची मानकं वेगळी आहेत. पुढचे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा भारतीय मानकाची आहे. कंसातला आकडा दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेतला जातो. डायलिसिसची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाची आहे.

• ॲल्युमिनिअम : पिण्यासाठी ०.०३ (०.२), डायलिसिससाठी ०.०१
• फ्लोराइड : पिण्यासाठी १ (१.५), डायलिसिससाठी ०.२
• जस्त : पिण्यासाठी ५ (१५), डायलिसिससाठी ०.१
• शिसं : पिण्यासाठी ०.०१, डायलिसिससाठी ०.००५

जस्ताची ओळ पाहा. पिण्यासाठी निर्धोक असलेलं पाणी डायलिसिसला पन्नास पट जास्त ठरू शकतं! "शुद्ध पाणी" या शब्दाला अर्थ येतो तो ते कशासाठी वापरायचं यावरून, हे इथे मुलांना फार छान समजतं.

४. हे आकडे आले कुठून? ॲल्युमिनिअमची गोष्ट

हे आकडे कुणी टेबलावर बसून ठरवलेले नाहीत. त्यामागे माणसांचे जीव गेले आहेत.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात डॉ. ॲलन आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र आजार दिसू लागला. काही वर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचं बोलणं अडखळायचं, हातापायांना झटके यायचे, स्मृती जायची, फिट येऊन मृत्यू व्हायचा. १९७२ साली त्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. कारण माहीत नव्हतं. १९७६ साली त्यांनी मेंदूतल्या करड्या भागाची मोजमापं मांडली. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या व्यक्तींमध्ये ॲल्युमिनिअम दर दहा लाख भागांत २.२ भाग होतं. डायलिसिसवर असलेल्या, पण हा आजार नसलेल्या रुग्णांमध्ये ६.५. आणि या आजाराने गेलेल्यांमध्ये २५.

हे ॲल्युमिनिअम आलं कुठून? एक वाट होती औषधाची. रक्तातलं फॉस्फेट कमी ठेवायला त्या काळी ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड सर्रास देत. दुसरी वाट पाण्याची. पाण्यातला गाळ खाली बसवायला जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी वापरतात. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तेच तत्त्व. तुरटी म्हणजे ॲल्युमिनिअमचंच संयुग. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांना दिसलं की त्यांच्या रुग्णांची हाडं ठिसूळ होऊन मोडताहेत. १९७९ साली ब्रिटनमधल्या १८ केंद्रांच्या १२९३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या ठिकाणच्या पाण्यात ॲल्युमिनिअम जास्त, तिथे हाडं मोडण्याचा आणि मेंदूचा आजारही जास्त, असं त्यात दिसलं.

इथे रसायनशास्त्राचा एक बारकावा आहे. रक्तात आलेलं ॲल्युमिनिअम ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन मोठं, पडद्याच्या छिद्रातून जात नाही. त्यामुळे आत येताना वाट मोकळी, बाहेर जाताना बंद! द्रवातलं प्रमाण अगदी थोडं असलं तरी ते साचत जातं, ते यामुळे.

उपाय सापडला तो पाण्यातच. वाळू-गाळाची गाळणी, कडक पाणी मऊ करणारी टाकी, क्लोरीन आणि क्लोरामाइन धरून ठेवणारा कार्बन, आणि शेवटी आरओ, असे टप्पे डायलिसिस केंद्रात रूढ झाले. ॲल्युमिनिअमच्या गोळ्यांच्या जागी दुसरी औषधं आली. तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

जवळजवळ म्हटलं, कारण पाणी बदललं की धोका परत येतो. १९९६ साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावर पाण्याची नवी वाहिनी टाकली. तिला आतून सिमेंटचं अस्तर होतं. तिथलं पाणी समुद्राचं मीठ काढून बनवलेलं, म्हणून ते अस्तर खाणारं. सिमेंटमधलं ॲल्युमिनिअम पाण्यात उतरलं. तिथल्या एका केंद्रातल्या २७ रुग्णांपैकी १० जण दगावले. बेटावरची बाकीची माणसं तेच पाणी पीत होती.

५. फक्त ॲल्युमिनिअमच नाही

१९७२ साली ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. घरीच डायलिसिस, आणि पाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या टाकीत साठवलेलं. त्या व्यक्तीला मळमळ, उलट्या, ताप आणि तीव्र रक्तक्षय झाला; कारण निघालं टाकीतून आलेलं जस्त. सुरुवातीच्या काळात तांब्याच्या नळ्यांमधून आलेल्या तांब्यामुळे तांबड्या पेशी फुटल्याच्याही नोंदी आहेत. आणि १९९३ साली शिकागोत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतली राळ वेळेवर न बदलल्यामुळे तिने धरून ठेवलेलं फ्लोराइड एकदम सुटलं. १२ रुग्ण आजारी पडले, त्यातले ३ गेले.

आपल्या यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे आपल्याला दातांवरच्या डागांमुळे माहीत असतं. अशा भागातल्या केंद्रात पाण्याची तपासणी वेळच्या वेळी होणं किती महत्त्वाचं, ते वेगळं सांगायला नको.

६. आता उलटी बाजू : काय कमी पडतं?

पाण्यातून आत येणाऱ्यांचं बोललो. पण पडदा जसं आत येऊ देतो तसं बाहेरही जाऊ देतो. शुद्ध पाण्यात जस्त, सेलेनिअम जवळजवळ नसतं, त्यामुळे रक्तातला मोकळा अंश निसटू शकतो. त्यात भूक मंदावलेली, पथ्यामुळे डाळी, सुकामेवा, दूध मोजून मापून; म्हणजे आवकही कमी. नळ्यांमध्ये दर वेळी थोडं रक्त राहून जातं, त्यातून लोह जातं.

२००९ साली जगभरातल्या १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं : डायलिसिसच्या रुग्णांत सेलेनिअम, जस्त आणि मँगनीज निरोगी लोकांपेक्षा कमी, तर कॅडमिअम, क्रोमिअम, तांबं, शिसं आणि व्हॅनेडिअम जास्त. म्हणजे एकाच रक्तात एकाच वेळी कमतरताही आणि साठाही! "सगळंच कमी असेल, टॉनिक द्या" हा विचार इथेच कोसळतो.

७. अहवालावरचा आकडा कसा वाचायचा?

हा भाग खास पालकांसाठी. रक्ताच्या अहवालात "जस्त कमी" असं दिसलं की घरात लगेच गोळ्यांचा शोध सुरू होतो. जरा थांबा.

शरीरातलं बहुतेक जस्त स्नायूंत आणि हाडांत असतं. रक्तद्रवात असतं ते हजारात एक भाग. आणि तेही मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनावर बसलेलं. रुग्णाचं अल्ब्युमिन कमी असेल तर जस्तही कमी दिसतं. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर जस्त आणि सेलेनिअम खाली येतात, तांबं वर जातं. म्हणजे तो आकडा खरी कमतरता दाखवत असेल किंवा दुसऱ्याच गोष्टीची खूण असेल. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

मूत्रपिंडविकारातल्या आहाराबद्दल २०२० साली आलेल्या अमेरिकी मार्गदर्शनातही म्हटलं आहे की जस्त किंवा सेलेनिअम सरसकट सगळ्यांना देऊ नये, कारण फायद्याचा पुरावा तोकडा आहे. गरज ओळखून देणं वेगळं. जास्त जस्त दीर्घकाळ घेतलं तर आतड्यातून तांबं शोषलं जाणं कमी होतं, आणि तांब्याच्या कमतरतेने रक्तक्षय वाढू शकतो. रक्तक्षय तर या रुग्णांना आधीच असतो.

८. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल तर

• ॲसिडिटीचं औषध स्वतःच्या मनाने आणू नका. काही सिरप-गोळ्यांमध्ये आजही ॲल्युमिनिअम आणि मॅग्नेशिअम असतं. लिंबातलं सायट्रेट सोबत गेलं तर ॲल्युमिनिअम आणखी शोषलं जातं.
• तुरटी फिरवलेलं पाणी रुग्णाला प्यायला देऊ नका.
• चिंच, कोकम, टोमॅटोची आंबट आमटी ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात न करता स्टीलच्या पातेल्यात करा. निरोगी माणसाला त्या पातेल्याचा फारसा त्रास नाही. इथे मात्र बाहेर काढणारं कुणी नाही.
• भस्मं, "किडनी साफ करणारी" चूर्णं, कुणीतरी सांगितलेली पुडी, यांत धातू असू शकतो. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, आधी डॉक्टरांना दाखवा.
• केंद्रात नम्रपणे विचारा : "पाण्याची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली?" हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. चांगल्या केंद्रात त्याची नोंदवही असते.
• चव न लागणं, बोलताना अडखळणं, हाडं दुखणं, अचानक वाढलेला थकवा या गोष्टी "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका. डॉक्टरांच्या कानावर घाला.

९. वर्गात कसं घ्याल?

प्रयोग : दोन काचेचे पेले घ्या. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात बिटाचं लाल पाणी. पहिल्यात चहाची डिप बॅग सोडा. दुसरी डिप बॅग हलकेच उघडून चहा काढून टाका, त्यात पांढरे तांदूळ भरा, तोंड दोऱ्याने बांधा आणि लाल पाण्यात सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी पाहा. पहिल्या बॅगेतून रंग बाहेर आला, दुसऱ्या बॅगेत रंग आत गेला. दोन्ही बॅगा सारख्याच! दिशा कुणी ठरवली? मुलांनाच सांगू द्या. (बॅगेचा कागद डायलिसिसच्या पडद्यापेक्षा खूपच जाड छिद्रांचा आहे, हे मात्र आवर्जून सांगा.)

विचारण्यासारखे प्रश्न :
१. आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णासाठी वर्षाला किती लिटर पाणी लागेल?
२. कुरासाओत पाणी पिणाऱ्यांना त्रास झाला नाही, डायलिसिसच्या रुग्णांना झाला. दोन कारणं लिहा.
३. मूत्रपिंडाला "गाळणी" म्हणणं कुठपर्यंत बरोबर आणि कुठे अपुरं?

आणि एक विनंती. वर्गात कुणाच्या घरी डायलिसिस चालू आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर त्या मुलाकडे बोट दाखवून उदाहरण देऊ नका. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर ऐका. मृत्यूंचे आकडे सांगताना हेही सांगा की त्या घटनांमधूनच आजची मानकं आली, आणि आज हजारो लोक वर्षानुवर्षं डायलिसिसवर कामधंदा करत, संसार करत जगतात. ते मूल आठवड्यातून दोन-तीनदा गृहपाठ न करता आलं, तर त्या दिवशी घरी कोण होतं, हा विचार आधी मनात येऊ द्या.

पुढच्या वेळी फळ्यावर "मूत्रपिंड = गाळणी" लिहाल तेव्हा खाली अजून एक ओळ लिहा : "गाळतं, आणि वेचून परत घेतं." यंत्राला जे जमत नाही ते त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे, आणि ते काम डॉक्टर, परिचारिका, पाण्याची यंत्रणा सांभाळणारा तंत्रज्ञ आणि घरची माणसं मिळून करत असतात.